कोअर वाढले, वेग का वाढेना?

समांतर गणनावरच्या, म्हणजे एकच काम प्रोसेसरच्या अनेक कोअरवर (गणित करणाऱ्या भागांवर) वाटून करण्यावरच्या या सदरात या वेळची पत्रं बहुतेक कोल्हापूर आणि आसपासची आहेत. विषय फौंड्रीपासून महापुरापर्यंत पसरलेत, पण निम्म्या पत्रांतली तक्रार एकच : कोअर वाढवले, वेळ काही त्या मानानं कमी झाला नाही.

प्रश्न : आमची फौंड्री आहे. कास्टिंग सिम्युलेशनसाठी १६ कोअरचं जुनं मशीन होतं, आता ६४ कोअरचा सर्व्हर घेतला. धातू थिजण्याचं जे गणित ५ तास चालायचं, ते आता ४ तास ४० मिनिटं चालतंय. पैसे पाण्यात गेले म्हणायचं का? – एक उद्योजक, गोकुळ शिरगाव

उत्तर : तसं एवढ्यात म्हणू नका. सर्व्हर बंद करून झाकण उघडा आणि रॅमच्या पट्ट्या मोजा. डीडीआर४ प्रकारची रॅम घेणाऱ्या ६४ कोअरच्या सर्व्हर प्रोसेसरला साधारणपणे आठ मेमरी चॅनल, म्हणजे रॅमपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटा, असतात. विक्रेते मात्र १२८ जीबी रॅम ६४ जीबीच्या दोन पट्ट्यांत देतात, म्हणजे दोनच चॅनल चालू आणि सहा रिकामे. कोटेशनमध्ये '१२८ जीबी' एवढंच लिहिलेलं असतं, त्यामुळे तक्रार करायलाही जागा राहत नाही.

याचा परिणाम आकड्यांत बघा. डीडीआर४-३२०० च्या एका चॅनलमधून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती येते. दोन चॅनलचे झाले ५१.२ आणि आठचे २०४.८. आता साच्याचे १ कोटी छोटे घन पाडले आहेत असं धरा. वेळेच्या प्रत्येक पायरीला एका घनाचं जुनं तापमान वाचायला ८ बाइट लागतात, नवं लिहायला ८, आणि लिहिण्याआधी ती जागा कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) ओढून आणावी लागते त्याचे आणखी ८. एकूण २४ बाइट. सगळ्या घनांचे मिळून २४ कोटी बाइट. जाहीर वेगाच्या ८० टक्के हातात पडले तर दोन चॅनलवर एका पायरीला सुमारे ६ मिलिसेकंद लागतात, आठ चॅनलवर दीड. या हिशोबात कोअरची संख्या कुठेच आली नाही. बेरजा-गुणाकार एका घनामागे डझनभरच असतात. दोन चॅनलची वाट चार-पाच कोअरच भरून टाकतात आणि बाकीचे वाट बघत बसतात. गुऱ्हाळावर काहिली कितीही मांडा, चरकातून रस येतो तेवढाच येणार.

उपाय म्हणजे १६ जीबीच्या आठ सारख्या पट्ट्या, प्रत्येक चॅनलला एक. कुठल्या खाचेत कुठली बसवायची तो क्रम मदरबोर्डच्या पुस्तिकेत असतो, तोच पाळा. वेगवेगळ्या क्षमतेच्या पट्ट्या मिसळल्या तर चॅनलमध्ये माहिती सारखी वाटली जात नाही आणि वेग पुन्हा पडतो. बदल केल्यावर मेमरीचा वेग मोजणारी स्ट्रीम ही मोफत चाचणी चालवा. तिच्यातला प्रत्येक ॲरे (आकड्यांची रांग) शेवटच्या पातळीच्या एकूण कॅशच्या किमान चौपट हवा. कॅश २५६ एमबी असेल तर ॲरे १ जीबीचा. त्याहून लहान ठेवला तर चाचणी कॅशचा वेग दाखवते आणि उगाच समाधान मिळतं.

आठही चॅनल आधीच भरलेले निघाले, तर सॉफ्टवेअरचा परवाना बघा. सिम्युलेशनची बरीच पॅकेजेस कोअरच्या संख्येवर परवाना देतात. १६ चा परवाना असेल तर ६४ पैकी १६ च चालणार. ते काही असो, तेच एक कास्टिंग १, २, ४, ८, १६, ३२, ६४ कोअरवर चालवून वेळा लिहून काढा. वेळ जिथं कमी व्हायची थांबते त्याच्या पुढचे कोअर या कामापुरते शोभेचे.

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. समांतर गणनात संशोधन करायची इच्छा आहे. सुरुवात कुठून करू? आणि या विषयातला संशोधक दिवसभर नेमकं करतो काय? – विद्यार्थिनी, कसबा बावडा

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. तो वेळ मोजतो. प्रोग्रॅमचा वेळ कुठं गेला ते मोजायचं, तो तिथंच का गेला याचं कागदावर गणित मांडायचं, त्या गणितावरून एक बदल करायचा आणि पुन्हा मोजायचं. मोजमाप गणिताशी जुळलं नाही तर तिथं शोधण्यासारखं काहीतरी आहे. प्रत्यक्ष कोड लिहिण्यात यातला थोडाच वेळ जातो.

म्हणून सुरुवातही मोजण्यापासून करा, आणि त्याला सुपरकॉम्प्युटर लागत नाही. सी भाषेत २००० × २००० च्या दोन मॅट्रिक्सचा गुणाकार तीन साध्या लूपमध्ये लिहा. यात १६०० कोटी गणिती क्रिया होतात. ३ गिगाहर्ट्झचा आजचा साधा कोअर सेकंदाला ४८०० कोटी क्रिया करू शकतो, म्हणजे काम एक तृतीयांश सेकंदात व्हायला हवं. तुमच्या प्रोग्रॅमला त्याच्या कितीतरी पट वेळ लागलेला दिसेल. आता आतल्या दोन लूपची अदलाबदल करा, म्हणजे दुसरी मॅट्रिक्स उभी न वाचता आडवी वाचली जाईल. एकही थ्रेड (प्रोग्रॅमचा समांतर चालणारा धागा) न वाढवता वेळ काही पटींनी उतरेल, कारण मेमरीतून एका वेळी ६४ बाइट येतात आणि उभ्या वाचनात त्यातले ८ च वापरले जातात. मग आकार २०४८ करून बघा. दोनाच्या घातातल्या आकाराला बरेचदा २०४९ पेक्षाही जास्त वेळ लागतो, कारण एका स्तंभातले आकडे कॅशच्या त्याच त्या मोजक्या कप्प्यांत येऊन एकमेकांना हुसकावतात. अशी कारणं कुणाला न विचारता शोधता आली तर या विषयाची गोडी आहे असं समजायला हरकत नाही.

त्यानंतर मॅट्रिक्सचे तुकडे पाडून गुणाकार, मग ओपनएमपी या साधनानं थ्रेड, आणि शेवटी ओपनब्लास या तयार लायब्ररीशी तुलना. मोजताना लॅपटॉप चार्जरला लावलेला हवा, नाहीतर बॅटरी वाचवण्यासाठी प्रोसेसर वेग कमी करतो. प्रत्येक वेळ किमान पाच वेळा घ्या आणि मधला आकडा धरा.

वाचायचं म्हटलं तर संगणक रचना, संख्यात्मक रेषीय बीजगणित आणि ऑपरेटिंग सिस्टीम हे तीन विषय पक्के हवेत. त्यांच्या जोडीला ॲमडाल यांचा १९६७ चा नियम, गुस्ताफसन यांनी १९८८ मध्ये मांडलेली त्याची दुसरी बाजू (कोअर वाढले की कामही मोठं घेता येतं) आणि वेगाला मेमरी अडवते की गणित ते दाखवणारं २००९ चं रूफलाइन मॉडेल. ॲमडालचा हिशोब हातानं करून बघा : प्रोग्रॅमचा ५ टक्के भाग एकाच कोअरवर चालत असेल तर ६४ कोअरवर वेग १५.४ पट मिळतो, आणि कोअर कितीही लावले तरी २० पटीच्या पुढं जात नाही. अनेक मशीनवर काम वाटायला एमपीआय, म्हणजे प्रोग्रॅमांनी एकमेकांना निरोप पाठवण्याची ठरलेली पद्धत, शिका. त्याचं पहिलं प्रमाण १९९४ मध्ये आलं आणि आजही मोठ्या यंत्रांवर तेच चालतं. ग्राफिक्स कार्डावर गणित करण्याची कुडा त्यानंतर. बरीच मुलं उलट्या क्रमानं जातात आणि ग्राफिक्स कार्डावर मंद प्रोग्रॅम लिहून बसतात.

पुढच्या वाटा ढोबळपणे तीन. नवे अल्गोरिदम, म्हणजे मशीनमधले निरोप कमी करणारे किंवा कमी अचूकतेचे आकडे मिसळून वेळ वाचवणारे. दुसरी वाट यंत्रणेची : कामांचं वाटप, बिघाड सोसणं, कंपायलर (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम). तिसरीत हवामान, खगोल, द्रायूंचं गणित असा एखादा शास्त्रविषय धरून त्याचं सॉफ्टवेअर मोठ्या यंत्रावर नेणं. तिसऱ्या वाटेसाठी पुणं जवळ आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेली सी-डॅक ही सरकारी संगणन संस्था तिथं आहे. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये प्रत्युष आणि २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉप (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला हजार लाख कोटी क्रिया) क्षमतेचं अर्का हे यंत्र आलं. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या कामासाठी २०२४ मध्येच परम रुद्र मालिकेतलं एक यंत्र मिळालं. पीएचडीसाठी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतला गणनात्मक आणि डेटा विज्ञान विभाग आणि आयआयटी आहेत. त्यासाठी गेट परीक्षा आणि मुलाखत. कनिष्ठ संशोधन वृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी वरिष्ठ झाल्यावर ४२,०००, घरभाडं वेगळं. सी-डॅकचा सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेशनचा पदविका अभ्यासक्रम चांगला आहे, पण तो क्लस्टर (जोडलेल्या मशीनचा संच) सांभाळायला शिकवतो. संशोधनाची वाट तिथून सुरू होत नाही.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या गटाचा कोड सार्वजनिक आहे का, आणि तुम्हाला तो आपल्या मशीनवर चालवता येतो का, एवढं करून बघा. शोधनिबंधांच्या संख्येपेक्षा ही परीक्षा आम्हाला जास्त भरवशाची वाटते. जॅक डोंगारा यांना २०२१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला तो लिनपॅक आणि लापॅकसारख्या, दुसऱ्यांना दशकानुदशकं वापरता आलेल्या लायब्रऱ्यांमागच्या कामासाठीच.

प्रश्न : पायथॉनमध्ये आठ थ्रेड लावले तर एका थ्रेडपेक्षा जास्त वेळ लागला. असं का? – विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर : नेहमीच्या पायथॉनमध्ये कोडवर एक कुलूप असतं, त्यामुळे एका वेळी एकच थ्रेड पायथॉनचा कोड चालवू शकतो, बाकीचे कुलूप सुटायची वाट बघतात. त्या ओढाताणीतच वेळ वाढतो. फाइल किंवा नेटवर्कची वाट पाहण्याच्या कामाला थ्रेड ठीक. आकडेमोडीला मल्टिप्रोसेसिंग, नंबा किंवा एमपीआयफॉरपाय यांपैकी एखादी पायथॉनची लायब्ररी वापरा. कुलूप नसलेली आवृत्ती ३.१३ मध्ये (२०२४) प्रायोगिक स्वरूपात आली.

प्रश्न : कॉलेजच्या लॅबमधले आठ जुने पीसी जोडून क्लस्टर केला आहे. प्रत्येकी ४ कोअर, ८ जीबी रॅम, मध्ये गिगाबिट स्विच. दोन अडचणी आहेत. एमपीआयचा प्रोग्रॅम कधी कधी काहीच न बोलता अडकून बसतो. आणि आठ पीसींवर लिनपॅक चाचणी चार पीसींपेक्षा हळू चालते. – प्रयोगशाळा साहाय्यक, कोल्हापूर

उत्तर : अडकण्याचं नेहमीचं कारण खोटं नेटवर्क कार्ड. लिनक्सवर व्हर्च्युअल मशीनचं किंवा डॉकरचं सॉफ्टवेअर टाकलं की प्रत्येक पीसीवर एक आभासी कार्ड तयार होतं, आणि त्याचा पत्ता आठही पीसींवर सारखाच असतो, व्हर्च्युअल मशीनचा बहुधा १९२.१६८.१२२.१ आणि डॉकरचा १७२.१७.०.१. एमपीआय त्या पत्त्यावरून शेजाऱ्याला हाक मारतं आणि हाक स्वतःलाच ऐकू येते. ओपन एमपीआयला कुठलं नेटवर्क वापरायचं ते टीसीपीच्या पर्यायात स्पष्ट सांगा, तेही कार्डाच्या नावानं न सांगता पत्त्याच्या पट्ट्यानं, कारण कार्डाची नावं पीसीगणिक बदलतात. उबुंटूमध्ये होस्ट फाइलीत मशीनचं स्वतःचं नाव १२७.०.१.१ ला जोडलेलं असतं. ती ओळ काढून खरा पत्ता लिहा. एमपीआय कुठलंही पोर्ट उघडतं, म्हणून या आठ पीसींच्या आपापसातल्या वाटेवर फायरवॉल नको. आठही ठिकाणी एमपीआयची आवृत्ती एकच आणि वापरकर्त्याचा क्रमांकही एकच हवा. क्रमांक वेगळा असला तर सामाईक होम फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी मिळत नाही.

आता मंदपणा. लिनपॅक चाचणी समीकरणांचा मोठा संच सोडवून वेग मोजते. तिच्यात सगळे सर्वांत हळू मशीनसाठी थांबतात, म्हणून वाईट मशीन शोधायचं. आधी वायर. गिगाबिटला केबलच्या आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चारच. एक तार तुटली किंवा जॅक नीट दाबला गेला नसला तरी जोडणी चालू दिसते, पण दहापट हळू. इथटूल कमांडने प्रत्येक पीसीचा जोडणीचा वेग बघा. मग आयपर्फ या नेटवर्क-चाचणीनं एकेका जोडीत मोजा. सेकंदाला ९४० मेगाबिटच्या आसपास यायला हवेत.

वायरी ठीक असतील तर लिनपॅक प्रत्येक पीसीवर एकटं चालवा. ८ जीबीच्या ८० टक्क्यांत २८,००० च्या आसपासचा आकार (समीकरणांची संख्या) बसतो. जो पीसी इतरांपेक्षा दहा टक्क्यांनी मागं पडेल त्याचा पंखा आणि हीटसिंक उघडा. धूळ बसलेली असते, प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. सगळ्यांवर मिळून आकार ८०,००० च्या आसपास येतो. मॅट्रिक्सच्या तुकड्याचा आकार १९२ असेल तर ७९,८७२ घ्या, म्हणजे पूर्ण भाग जातो. ग्राफिक्सची मेमरी रॅममधूनच घेतली जात असेल तर आणखी थोडं खाली या, कारण रॅम अपुरी पडून एकदा हार्ड डिस्कवर स्वॅप सुरू झालं की चाचणी सोडून द्यावी लागते. ३२ प्रोसेसची (प्रोग्रॅमच्या स्वतंत्र चालणाऱ्या प्रतींची) मांडणी ४ × ८ आणि २ × १६ अशी दोन्ही चालवा. इथरनेटवर २ × १६ सारखी चपटी मांडणी बरेचदा सरस ठरते.

आणखी एक, फार वेळा दिसणारं. प्रत्येक पीसीवर चार प्रोसेस सुरू केल्या आणि ओपनब्लासला काही सांगितलं नाही, तर प्रत्येक प्रोसेस चार थ्रेड काढते. ४ कोअरवर १६ थ्रेड. ओपनब्लासची थ्रेडसंख्या १ ठरवून द्या.

एवढं करून ७९,८७२ च्या आकाराला सुमारे ३४० लाख कोटी क्रिया होतात. क्लस्टरनं ५०० गिगाफ्लॉप (सेकंदाला ५०,००० कोटी क्रिया) दिले तर चाचणी अकरा-बारा मिनिटांत संपते. नासाच्या गोडार्ड केंद्रात स्टर्लिंग आणि बेकर यांनी १९९४ मध्ये पहिला बेवुल्फ क्लस्टर केला तो ४८६ प्रोसेसरच्या १६ मशीनचा, आणि १० मेगाबिटच्या इथरनेटवर. तेव्हा जुने पीसी म्हणून संकोच नको. दुपारच्या प्रॅक्टिकलला कुणी एक पीसी बंद करून विंडोज सुरू केलं की मात्र सगळं काम कोसळतं. वेळापत्रक दारावर लावा.

प्रश्न : पंचगंगेच्या महापुराचं द्विमितीय मॉडेल हा माझा पीएचडीचा विषय आहे. प्रोसेसची संख्या बदलली की पाण्याची पातळी सहाव्या दशांश स्थळापुढं बदलते. मार्गदर्शक म्हणतात कोड चुकलाय, मित्र म्हणतो समांतर गणनात असं चालायचंच. कुणाचं खरं? – संशोधक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : तुमची पद्धत कुठली त्यावर आहे. संगणकातली बेरीज क्रम बदलला की बदलते. १० चा सोळावा घात अधिक १, त्यातून पुन्हा तोच घात वजा केला तर उत्तर ० येतं. आधी वजाबाकी करून मग १ मिळवला तर १. पद्धत अप्रत्यक्ष असेल, म्हणजे प्रत्येक पायरीला समीकरणांचा मोठा संच पुनरावृत्तीनं सोडवावा लागत असेल, तर सगळ्या प्रोसेसच्या बेरजा एकत्र होतात. प्रोसेस बदलल्या की त्यांचा क्रम बदलतो, आणि शेवटच्या आकड्यांतला फरक स्वाभाविक आहे. मित्राचं खरं.

पद्धत प्रत्यक्ष असेल तर गोष्ट वेगळी. तिथं प्रदेशाची प्रत्येक चौकट (नकाशाचा छोटा चौकोन) फक्त शेजाऱ्यांकडं बघते आणि सगळ्यांत मिळून एकच गोष्ट काढली जाते : वेळेच्या पायरीची किमान किंमत. किमान काढताना क्रमानं काही बिघडत नाही. मग उत्तर शेवटच्या बिटपर्यंत सारखं यायला हवं. गुणाकार-बेरीज एकत्र करण्याची कंपायलरची सवय बंद करूनही फरक राहिला, तर मार्गदर्शकांचं खरं.

चूक शोधायला पाच दिवसांचा पूर चालवू नका. एकच पायरी चालवा, १ प्रोसेसचं आणि ४ प्रोसेसचं उत्तर चौकटीगणिक वजा करा आणि फरकाचा नकाशा काढा. फरक वाटणीच्या सीमारेषांवर दिसला तर शेजाऱ्यांच्या कडांची देवाणघेवाण चुकते आहे, बहुधा कोपऱ्यातली चौकट राहून गेलेली असते किंवा जुनी किंमत वापरली जाते. तीच प्रोसेससंख्या ठेवून दहा वेळा चालवल्यावर दहा उत्तरं आली, तर निरोप पोहोचण्याआधीच आकडा वाचला जातोय.

फरक स्वाभाविक निघाला तरी जपून. कोरडी की ओली हे ठरवणारी खोलीची मर्यादा असते. शेवटच्या आकड्यातल्या फरकानं एखादी चौकट ओली ठरते आणि पुढं तो फरक वाढतो. म्हणून प्रबंधात पातळीच्या तुलनेबरोबर पाण्याच्या एकूण घनफळाचा ताळा द्या.

तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढचा अडथळा आताच दिसतोय. २० × १५ किलोमीटरचा भाग १० मीटरच्या चौकटींत पाडला तर ३० लाख चौकटी होतात. १२ मीटर खोली आणि सेकंदाला ३ मीटर वेग धरला तर वेळेची पायरी ०.७ सेकंदाच्या वर नेता येत नाही. चौकट ५ मीटरची केली की चौकटी चौपट, पायरी निम्मी, काम आठपट. ३० लाख चौकटी ६४ प्रोसेसमध्ये वाटल्या तर प्रत्येकीकडं सुमारे ४७,००० येतात. चौकटीला १०० नॅनोसेकंद धरले तर पायरीचं गणित ४.७ मिलिसेकंद. गिगाबिट इथरनेटवर एका निरोपाला ५० मायक्रोसेकंद लागतात, चार शेजाऱ्यांचे ०.२ मिलिसेकंद, म्हणजे खर्च किरकोळ. १,०२४ प्रोसेसवर मात्र गणित ०.३ मिलिसेकंदावर येतं आणि निरोप तेवढेच राहतात. तिथून पुढं इन्फिनिबँडसारखं १-२ मायक्रोसेकंदांचं नेटवर्क हवं.

त्याहून मोठी अडचण वाटणीची. प्रयाग चिखली, आंबेवाडीकडच्या प्रोसेसला पहिल्या तासापासून पाणी असतं, डोंगराकडच्या प्रोसेस कोरड्या चौकटी घेऊन रिकाम्या बसतात. भाग समान असले तरी काम समान नाही. प्रदेशाचे बरेच लहान तुकडे करून ते प्रोसेसना फिरून-फिरून वाटा, किंवा ओल्या चौकटींना वजन देऊन मेटिस लायब्ररीनं दर काही हजार पायऱ्यांनी नवी वाटणी करा. वेगाचा आलेख काढताना तुलना चांगल्या एक-कोअर प्रोग्रॅमशी असू द्या. समांतर प्रोग्रॅम एका प्रोसेसवर चालवून त्याच्याशी तुलना केली की आकडे फुगतात, आणि परीक्षक हे पहिल्यांदा विचारतात.

प्रश्न : ३० तासांचं काम २६ व्या तासाला लाइट गेल्यानं वाया गेलं. दर किती वेळानं साठवावं? – वाचक, इचलकरंजी

उत्तर : यंग यांचं १९७४ चं सूत्र वापरा. साठवायला लागणारा वेळ गुणिले दोन बिघाडांमधला सरासरी वेळ, त्याची दुप्पट, आणि तिचं वर्गमूळ. साठवायला ५ मिनिटं लागत असतील आणि दिवसातून एकदा लाइट जात असेल, तर २ × ५ × १४४० म्हणजे १४,४००, वर्गमूळ १२०. दर दोन तासांनी साठवा. दर दहा मिनिटांनी साठवलं तर एक तृतीयांश वेळ साठवण्यातच जाईल. आधीची फाइल पुसून तिच्याच जागी लिहू नका, नेमकी त्याच वेळी लाइट गेली तर दोन्ही जातात. नव्या नावानं लिहा, डिस्कवर पूर्ण उतरल्याची खात्री झाल्यावर नाव बदला, आणि शेवटच्या दोन प्रती नेहमी ठेवा.